ज्याची गोळी त्याचा मासा

माझ्या माहेरी मासा एकदाच घरात आला, तोही काचेच्या पेटीतून, आणि आईने त्यालाही पोळीचा चुरा घालून आमच्यासारखाच शाकाहारी करून टाकला. इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. पणजोबा संस्थानाच्या दप्तरात कारकून होते, एवढ्याशा गोष्टीवर आमच्या घराण्याचा ताठा अजून टिकून आहे. अशा घरातली मुलगी भर दुपारी त्याच राजवाड्याजवळच्या जाळी-दोरीच्या दुकानात उभी राहून प्लास्टिकचे मासे दाखवा म्हणते, तेव्हा तिच्यावर काहीतरी प्रसंग ओढवला आहे हे उघड आहे.

प्रसंग म्हणजे माझे सासरे. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. महूच्या फौजी वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी हयात नोकरी केली, आणि काम एकच: तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, उलटापालटा करायचा आणि पास की फेल ते सांगायचं. माणूस निवृत्त झाला तरी हात निवृत्त होत नाहीत. लग्नानंतर मी पहिल्यांदा केलेली पुरणपोळी त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली होती. पास केली, पण कडेला जाड आहे अशा शेऱ्यासह.

निवृत्तीनंतर दर रविवारी बाबा वर्कशॉपातल्या चार दोस्तांबरोबर सांवेरच्या बाजूला एका तळ्यावर मासे धरायला जायचे. तळं एका ओळखीच्या शेतकऱ्याचं, चहूबाजूंनी सोयाबीन, काठावर बाभळी. गळाला लावायची गोळी प्रत्येकाने घरून मळून आणायची, आणि कोणाच्या गोळीत काय आहे हे कोणी कोणाला सांगायचं नाही. बाबांची गोळी मला ठाऊक होती, कारण ती माझ्याच परातीत मळली जायची: कणीक, थोडं बेसन, हिंग आणि सढळ हाताने जीरावण. जीरावण म्हणजे आम्ही इंदुरी लोक पोह्यांवर, पेरूवर, काकडीवर आणि संधी मिळाली तर पाहुण्यांवरही भुरभुरवतो तो मसाला. माशांना जीरावण आवडतं का, असं मी विचारलं होतं. बाबा म्हणाले, सांवेरचे मासे आहेत, आवडेल नाही तर काय.

त्या टोळीचा एक नियम होता, आणि ही सगळी गोष्ट त्या नियमाची आहे. ज्याची गोळी त्याचा मासा. काठी कोणाच्याही हातात असो, ओढून कोणीही काढो, गळावर गोळी ज्याने दाबली मासा त्याचा. त्यामागे विचार असा की मासा लागणं हे नशीब, ओढणं हे जोर, पण गोळी हे कसब. नियम बाबांनीच केला होता, आणि पाळूनही तेच घ्यायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वेळेवर दवाखान्यात नेलं, पाय सुधारला, बोलणं सुधारलं. हाताची मूठही वळायला लागली, मनगट फिरायला लागलं. फक्त चिमूट गेली. अंगठा आणि बोट समोरासमोर यायचे आणि भांडलेल्या जावांसारखे एकमेकांना न भेटताच परत जायचे. चिमूट नाही तर गोळी दाबता येत नाही. दोस्त घरी आले, म्हणाले, भिया, तू बस चल, गोळी आम्ही लावून देतो. बाबा म्हणाले, मग मासा तुमचा. मी काय नुसती दांडी धरायला येऊ? चार महिने दोस्तांनी विनवण्या केल्या, मग त्यांनी नाद सोडला.

बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसायला लागले. इंदुरात ओट्यावर बसणाऱ्या माणसाला सकाळी एक काम आयतं मिळतं: कचरागाडी. गाणं वाजवत गाडी आली की बाबा उठून उभे. ओला कुठला, सुका कुठला, फुटलेली ट्यूबलाइट कुठल्या डब्यात, याचा त्यांनी चार दिवसांत अभ्यास केला आणि शेजाऱ्यांच्या बादल्या तपासायला सुरुवात केली. शेजारच्या काकूंचा कचरा त्यांनी तीनदा फेल केला. काकू मग बाबांची आंघोळीची वेळ बघून बादली बाहेर काढायला लागल्या. सगळे हसत होते, मीही हसत होते. पण एका दुपारी, गाडी यायला अजून सतरा-अठरा तास असताना, मी क्लासवरून लवकर घरी आले तर बाबा त्याच खुर्चीत, त्याच रस्त्याकडे बघत बसलेले होते. मला धसका बसला. हा माणूस आता उरलेलं आयुष्य उद्याच्या कचऱ्याची वाट बघत काढणार, असं वाटलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, थोडा वेळ जाऊ दे. माझ्या नवऱ्याकडे सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध आहे.

मी भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवते, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं आणि ते मला येतं, अशी माझी समजूत आहे. एका रात्री मोबाइलवर एक माणूस दिसला. त्याने काठीच्या टोकाला एक प्लास्टिकचा मासा बांधला, लांब फेकला आणि रिळाचा दांडा फिरवत परत ओढला. पाण्यात तो खोटा मासा असा काही थरथरत पोहत आला की खऱ्या माशाने त्यावर झडप घातली. मी ताडकन उठून बसले. यात गोळीच नव्हती. गोळी नाही तर गोळीचा नियम कसला? आणि दांडा फिरवायला चिमूट लागत नाही, मनगट लागतं.

म्हणून मी त्या दुकानात. दुकानदार पोक्त माणूस, मागे दोरखंडांची वेटोळी, पुढे काचेखाली नकली मासे. त्यांनी विचारलं, कौनसी मछली? मी म्हटलं, मोठी. त्यांनी विचारलं, पाणी किती खोल? मी म्हटलं, कमरेइतकं, पण तुम्ही दाखवा तर. किमती ऐकून मात्र घाम फुटला. विलायती मालाच्या एका माशात घरातल्या चौघांचा पिक्चर झाला असता, समोशासकट. मी ठणकावून सांगितलं की स्वस्तातले दाखवा. त्यांनी एक ट्रे काढला आणि माझं भान हरपलं. निळे, चंदेरी, नारिंगी पोटाचे, डोळे तर असे की काजळ घातलंय. मी कानातलं निवडते तसे सहा निवडले. दुकानदार हळूच म्हणाले, "मॅडमजी, ये लंबी जीभ वाले आपके काम के नहीं हैं. छोटी जीभ का ले लो." माझी खात्री पटली की छोट्या जिभेचा माल पडून आहे आणि ते तो माझ्या गळ्यात मारताहेत. मी मोठ्या जिभेचेच घेतले. पैसे देताना त्यांनी एक सातवा पिशवीत टाकला, छोट्या जिभेचा, रंगाने सडक्या कारल्यासारखा. चार साल से पडा है म्हणाले, घेऊन जा, त्याचे काही नकोत.

घरी येऊन मी सातही मासे बाबांपुढे मांडले आणि माझी योजना सांगितली. बाबांनी एक उचलला, डाव्या हातात फिरवला आणि म्हणाले, "बेटा, ये तो खेळणं आहे." मी हिरमुसले. पण बघते तर त्यांचं नख माशाच्या पोटावर चाललं होतं. रंगाची खपली निघाली. त्यांनी ती मला दाखवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेला आनंद दिसला. माल फेल करण्याचा आनंद.

मग पुढचे पंधरा दिवस आमच्या गच्चीवर वर्कशॉप उघडलं. पहिली परीक्षा कानाची. मासा कानाजवळ हलवायचा. पोटात छर्रे असतात, ते खुळखुळले पाहिजेत, म्हणजे गढूळ पाण्यात माशाला चाहूल लागते. एक मुका निघाला, फेल. दुसरी परीक्षा गळाची. पोटाखाली आणि शेपटाला तीन-तीन काट्यांचे गळ होते. बाबांनी मला पक्कड धरून एक काटा वाकवायला लावला. तो केसांच्या पिनेसारखा सरळ झाला. बाबा म्हणाले, मासा स्वस्त असू दे, त्याला हरकत नाही, पण गळ स्वस्त नको. सगळे गळ काढ. दुकानातून साधे, एक काट्याचे, चांगल्या पोलादाचे आण. तळ्यात शेवाळ आहे, तीन काटे लावलेस तर माशापेक्षा चाराच जास्त निघेल.

तिसरी परीक्षा पाण्याची, आणि ती घरातल्या कुठल्याच बादलीत होईना, कारण पोहून दाखवायला माशाला अंतर हवं. बाबांनी गच्चीवर पडलेला एक जाड पाइप उभा चिरायला लावला. चिरला मी. ते खुर्चीतून फक्त डावीकडे, उजवीकडे एवढंच बोलत होते. दोन्ही टोकं बुजवून त्यात पाणी भरलं आणि आमची आठ फुटी नदी तयार झाली. शेजारच्या काकू कठड्यावरून बघून गेल्या. हा पाइप पुढे कुठल्या डब्यात जाणार, असं त्यांनी मुद्दाम गोड आवाजात विचारलं.

इथे माझं शिक्षण कामाला येईल, असं मला वाटलं होतं. तरंगणाऱ्या वस्तूंवर मी वर्षानुवर्षं गणितं सोडवून घेते. मी बाबांना घनता समजावली, विस्थापित पाण्याचं वजन समजावलं आणि सांगितलं की हा चंदेरी मासा तरंगणारच. बाबांनी ऐकून घेतलं. मग नवे जाड गळ लावलेला चंदेरी मासा पाण्यात सोडला. तो शेपटीवर उभा राहिला आणि सावकाश बुडाला. गळाचं वजन धरायचं मी विसरले होते. बाबा म्हणाले, "मॅडमजी, फेल." तो मासा की मी, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

आणि जिभेचा घोळ तिथेच कळला. माशाच्या तोंडापुढे जी प्लास्टिकची जीभ असते ती जितकी लांब, तितका तो ओढताना खोल जातो. माझे काजळवाले सगळे थेट पाइपच्या तळाशी डोकं घासत गेले. कमरेइतक्या पाण्यात ते तळ नांगरत फिरले असते. बाबा म्हणाले, हे धरणाला ठीक, आपल्या तळ्याला नाही. सहाच्या सहा गेले. दुकानदार खरं बोलत होते, हे कबूल करायला मला दोन दिवस लागले. गळ आणायला गेले तेव्हा मी त्यांना सांगितलं, आणि ते फक्त हां, असं म्हणाले.

उरलं कारलं. कारलं खुळखुळत होतं, तरंगत होतं, ओढलं की चार बोटं खाली जाऊन छान थरथरत होतं. पण डावीकडे जात होतं. सरळ जाईचना. मी म्हटलं, झालं, हेही फेल. बाबांनी ते उचलून नाकापुढच्या कडीकडे निरखून पाहिलं. ज्या बाजूला पळतं त्याच्या उलट्या बाजूला ही कडी केसभर वाकवायची, एवढंच. त्यांनी डाव्या हातात पक्कड घेतली आणि उजव्या मुठीत कारलं दाबून धरलं. पक्कड घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. मी न राहवून हात पुढे केला, तर त्यांनी असं बघितलं की मी तोच हात केसांकडे नेला. वीस मिनिटं तरी गेली असतील. मग कारलं पाण्यात सोडलं, ओढलं, आणि ते पाइपच्या मधोमध, रुळावरून जावं तसं गेलं. बाबांनी त्याच्या पाठीवर खडूने रेघ मारली. पास. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी कारल्याच्या डब्याला मुंग्या लागल्या होत्या. उघडून पाहिलं तर त्याला तेल चोळून वर जीरावण लावलं होतं. मी म्हटलं, बाबा, मासा याच्या हालचालीवर येतो, वासावर नाही. त्यांनी मान डोलावली, आणि डबा माझ्या हातातून काढून घेतला.

आता मला वाटलं, जिंकलो. गळांबरोबर आणलेल्या रिळाचा दांडा मी डावीकडून काढून उजव्या बाजूला बसवला होता. त्याला बाबांनी जुन्या स्कूटरच्या हँडलचं रबर चढवून मुठीत मावेल एवढा जाड केला होता. दोरीच्या टोकाला मी व्हिडिओ बघून एक क्लिप बांधली होती, ती त्यांना डाव्या हाताने आणि दाताने उघडता यायची. मी म्हटलं, रविवारी दोस्तांबरोबर जायचं. बाबा म्हणाले, नाही. मी म्हटलं, आता का? गोळी नाही, नियम नाही. मग त्यांनी ते सांगितलं, जे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

टोळीत पूर्वी पाचवा दोस्त होता, महूतच राहणारा. वर्कशॉपात दोघं एकाच टेबलावर बसायचे, डबा एकत्र खायचे. त्या दोस्ताला काचबिंदू झाला आणि नजर हळूहळू गेली. एका रविवारी त्याला गळाचं टोक दिसेना, म्हणून बाबांनी त्याच्या गळावर आपली गोळी दाबून दिली. त्या गळाला साडेतीन किलोचा मरळ लागला. दोस्ताने एकट्याने ओढून काढला, हात सोलवटून घेतले. आणि बाबांनी तो नियमाने आपल्या पिशवीत घातला.

"मी घरी आणला, बेटा. तुम्ही सगळ्यांनी खाल्ला. तू सोडून." मग म्हणाले, "तो परत आलाच नाही. त्याला सूट दिली नाही, आता स्वतःला कशी देऊ?"

मला राग आला. त्या नियमाचा, त्यांचा, आणि त्या दिवशी घरात शिजलेल्या माशाचा वास आवडला नाही म्हणून खिडक्या उघडत फिरणाऱ्या माझाही. मी म्हटलं, सूट स्वतःला द्यायचीच नाहीये, कारलं तुम्ही पास केलंय, ही तुमचीच गोळी आहे. तुम्हाला हे पटत नसेल तर बसा ओट्यावर आणि काकूंची बादली तपासा. एवढं बोलून मी खाली गेले आणि सासऱ्यांशी असं बोलल्याबद्दल दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. रात्री जेवताना त्यांनी ताटातून नजर न काढता विचारलं, मंगळवारी क्लासला सुट्टी असते ना?

मंगळवारी सकाळी आम्ही दोघंच निघालो. सोयाबीन कापून झालं होतं, रस्त्याच्या कडेला ढीग वाळत पडले होते, ट्रॅक्टर मागून येऊन आम्हाला बाजूला करत होते. तळ्यावर कोणी नव्हतं. बाबांनी पहिली फेक केली ती बाभळीत. दुसरी माझ्या ओढणीत. तिसरी पुन्हा त्याच बाभळीत. मी काटे टोचून घेत कारलं सोडवून आणलं, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले की डाव्या हाताला अजून वर्कशॉपची शिस्त नाही. हळूहळू फेक पाण्यात पडायला लागली. उजवी मूठ रबरावर, मनगट गोल गोल, कारलं थरथरत परत. तासभर काही झालं नाही. मी पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेले आणि वळून बघते तर बाबांचा डावा हात खिशातून पुडी काढून कारल्यावर काहीतरी भुरभुरवत होता. मी दिसलं नाही असं दाखवलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या फेकीला पाणी फुटलं. काठी वाकली. बाबा एक पाऊल पुढे गेले आणि मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला, तेवढीच माझी मदत. मूठ दोनदा दांड्यावरून निसटली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती परत बसवली. मरळ बाहेर आला तेव्हा तो माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा होता, काळपट, डोकं सापासारखं. बाबा चिखलात बसले होते आणि हसत होते. मग हसू थांबवून त्यांनी मला विचारलं, "बेटा, खरं सांग. हा मासा माझा आहे?"

मी म्हटलं, तुमचाच. ते म्हणाले, मग माझा मासा मी कोणालाही देऊ शकतो. महूला चल.

सांवेर इंदूरच्या एका बाजूला आणि महू दुसऱ्या. सगळ्या शहराला वळसा घालून जायचं. मरळ पाण्याबाहेर तासन् तास जिवंत राहतो ही माहिती मला त्या दिवशी मिळाली, कारण डिक्कीतल्या ओल्या पोत्यात तो वाटभर धपाधप आपटत होता. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला गाडीकडे संशयाने बघत होता. बाबा मांडीवर कारल्याचा डबा घट्ट धरून बसले होते.

ते पाचवे दोस्त अंगणात बाजेवर बसले होते. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण नजर आमच्या बाजूला कुठेतरी भलतीकडेच गेली. बाबा पोतं घेऊन पुढे गेले आणि म्हणाले, "तुझा मासा आणलाय."

दोस्तांनी आवाज ओळखला. मग त्यांनी हात पुढे करून पोतं चाचपलं, वजन घेतलं आणि म्हणाले, "वो तो साढे तीन किलो का था."

बाबा म्हणाले, बाकीचा हप्त्याने देतो. दोघांपैकी कोणीच हसलं नाही. मग दोस्त सावकाश बोलले, मराठीत बोलले. "तू नेलास त्याचं काही नाही रे. नियम होता. पण खाऊ का, एवढं एकदा विचारलं असतंस, तर मी हो म्हणालो असतो."

बाबांनी माफ कर म्हटलं, पण ते इतक्या हळू की दोस्तांनी ते ऐकलं की नाही मला कळलं नाही. बाबा बाजेवर बसले तसा त्यांच्या काखेतला डबा निसटला आणि आतलं कारलं खुळखुळलं. दोस्तांचे कान टवकारले. काय आहे ते? त्यांनी डबा उघडायला लावला. कारलं हातात घेतलं, कानाशी हलवलं, जिभेवरून बोट फिरवलं, गळाची धार अंगठ्यावर बघितली. दोन तपासनीस एकाच टेबलावर बसायचे म्हणजे काय, ते मला तेव्हा दिसलं. नाकापुढच्या कडीवर त्यांचं बोट थांबलं. "ही वाकवलीये," ते म्हणाले. "तूच ना?" बाबा हो म्हणाले. ते म्हणाले, बरोबर वाकवलीयेस.

मग त्यांनी काठी मागवली. दोरीच्या टोकाला माझी क्लिप सापडली आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. ही गाठ कोणाची? सूनबाईची, असं बाबांनी सांगितलं. "तभी," ते म्हणाले, आणि दाताने दोरी तोडून माझी क्लिप बाजेखाली टाकून दिली. दोरीचं टोक त्यांनी जिभेने ओलं केलं, कडीतून ओवलं, पाच वेढे दिले आणि अंगठा-बोटाच्या चिमटीत धरून ओढलं. डोळे समोरच्या भिंतीकडे होते. बाबा त्या चिमटीकडे बघत होते, आणि मी बाबांकडे.

गाठ ओढून बघून झाल्यावर बाबा म्हणाले, "निवडलं मी, बांधलं तू. आता मासा कोणाचा?"

दोस्तांनी विचार केला. नियमात हे कुठेच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "गाडी किसकी है?"

दोघांची तोंडं माझ्याकडे वळली. एकाची नेमकी, एकाची अंदाजाने.

तेव्हापासून रविवारी सकाळी मी आधी महूला जाते, मग सांवेरला. एक जण बघतो कुठे फेकायचं, एक जण गाठ मारतो, बाकीचे चौघे त्या कारल्याला नावं ठेवत आपापल्या गोळ्या मळतात. त्या काठीला लागलेला मासा नियमाने माझा असतो. मी मासे खात नाही, हे त्या तळ्यावर सगळ्यांना माहीत आहे. तरी पोत्यात टाकण्याआधी बाबा माझ्यासमोर तो धरतात, आणि दोस्त शेजारी उभे राहून बाबांचा आवाज ऐकतात.

"खाऊ का?" बाबा विचारतात.

मी थोडा विचार केल्यासारखं करते, आणि हो म्हणते.